सोमवारचं गिअर ऑइल

आमच्या पिकअपला सोमवारी सुट्टी असते. रविवारी नाही, सोमवारी. हे ऐकून सोलापुरातले निम्मे लोक हसतात आणि उरलेले मान डोलावतात, कारण त्यांच्याही घरी कधीकाळी बैल होते. आमच्याकडं सोमवारी बैलाला जू लावत नाहीत. बैल म्हणजे नंदी, सोमवार शंकराचा, तेव्हा त्या दिवशी त्यानं गोठ्यात उभं राहून कडबा खावा, एवढंच त्याचं काम. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव सोडून आम्ही शहरात आलो, बैल गेले, दारात पिकअप आली, पण माझ्या सासऱ्यांनी नियम तसाच ठेवला. मी त्यांना मामा म्हणते. "वझं वढतंय न्हवं? मग बैलच की त्यो," असं म्हणून त्यांनी पहिल्याच सोमवारी गाडीच्या बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि किल्ली खुंटीला अडकवली.

मला हे पटायचं नाही. धंद्याच्या गाडीला दर आठवड्याला उपास कशाला, असं मला वाटायचं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळं मी ते बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, "बैल बोलत न्हाय, म्हणून त्येचा वार ठरवून द्यावा लागतो. तुला सुट्टी लागली तर तू भांडून घेशील की." 

धंदा आमचा कडक भाकरीचा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग वाळवून कुरकुरीत करायची आणि एकावर एक रचून गठ्ठे बांधायचे. सोबत शेंगांची चटणी. पुणे हायवेवरच्या हॉटेलांना, मोहोळपासून मोडनिंबपर्यंत, आमचा माल जातो. कडक भाकरी दिवसच्या दिवस टिकते, पण एक गचका बसला की तिचा चुरा होतो. ज्वारी चांगली लागली, थापणारीचा हात चांगला असला, जाळ नीट लागला, तरी शेवटी भाकरीचं नशीब गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतं.

तो हात इतकी वर्षं माझ्या नवऱ्याचा होता. गेल्या वर्षी त्यांचा डावा खांदा आखडला. शर्टाच्या बाहीत हात घालताना तोंड वाकडं व्हायचं, मग गिअर टाकणं कुठलं. ड्रायव्हर ठेवला तर तो चार दिवसांत जास्त पगारावर पुण्याला गेला. तेव्हा मीच म्हटलं, मी शिकते. घरात कुणाचा विश्वास बसला नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. मी शिकले, लायसन काढलं, आणि पिकअपच्या उजव्या सीटवर जाऊन बसले. हे डाव्या सीटवर.

पहिला गिअर मुकाट पडायचा. दुसऱ्याला मात्र खर्र. असा आवाज, की रस्त्यानं चालणारा माणूससुद्धा वळून बघायचा. गाडी गचका खायची, मागं गठ्ठे हलायचे, आणि डावीकडून ठरलेलं वाक्य यायचं, "क्लच अर्धाच दाबतीस तू." मी म्हणायचे, पूर्ण दाबते. ते म्हणायचे, मग आवाज कशाचा. मी चिडून पुढचा गिअर टाकायचे आणि चिडून टाकल्यामुळं तोही करकरायचा. हे म्हणजे शिंक येऊ नये म्हणून नाक दाबावं आणि दोन याव्यात तसं.

मोडनिंबच्या एका हॉटेलवाल्यानं एकदा गठ्ठा सोडून बघितला आणि हसत म्हणाला, "वहिनी, भाकरी आणली का कण्या?" यांनी हिशेब मिटवला आणि गाडीत येऊन बसले. पण दोन दिवसांनी अंगणात यांना फोनवर बोलताना मी ऐकलं. मोहोळचा कुणी ड्रायव्हर होता. मंगळवारी मोडनिंबला जाताना स्टँडपाशी त्याला भेटायचं आणि कामाचं पक्कं करायचं, असं ठरत होतं.

मला गाडी सोडायची नव्हती. त्यात काही मोठं तत्त्व नव्हतं. इतकी वर्षं मी भाकऱ्या बांधून पाठवत होते आणि त्या कुठं जातात हे मी बघितलं नव्हतं. आता मी उंच सीटवर बसून शहराबाहेर पडत होते, मोहोळच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांना मागं टाकत होते, आणि आपण थापलेली भाकरी कुणीतरी परका माणूस आमटीत चुरून खातोय हे डोळ्यांनी बघत होते. मला ते फार आवडत होतं. पण दुसऱ्या गिअरशी माझाच हात वाईट आहे, असं मलाही हळूहळू वाटायला लागलं होतं. रोज तेच ऐकलं की माणसाला खरं वाटतं.

रविवारी जेवताना हे म्हणाले, "उद्या गिअर ऑइल बदलू. लई दिवस झाले. परक्या माणसाच्या हातात गाडी द्यायची, तर नीट करून द्यावी."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे माझ्या हातात होती तोवर चालत होती तशी, आणि परका येणार म्हटल्यावर तिला नवं तेल. मी विचारलं, "बदलणार कोण?" त्यांनी स्वतःच्या खांद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आमच्या घरी गाडी गॅरेजात द्यायची रीत नाही. ऑइल, ग्रीस, धुणंपुसणं, सगळं सोमवारी दारात. आणि आता गाडीखाली शिरू शकेल असं घरात एकच माणूस होतं.

सोमवारी सकाळी मी यांची जुनी पँट चढवली, केसांना फडकं बांधलं, चाकांमागं दगड लावले आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरले. थंडीचे दिवस होते, फरशी गार पडली होती. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांच्या यंत्रमागांची खडखड चालू होती. हे पुढच्या चाकापाशी पालथ्या क्रेटवर बसून हुकूम सोडत होते. त्यांना माझे फक्त पाय दिसत असणार.

गिअर बॉक्सला दोन नट असतात. वरच्यातून तेल घालायचं, खालच्यातून सोडायचं. "आधी वरचा उघड," ते म्हणाले. "वरचा निघतोय हे बघितल्याबिगर खालच्याला हात लावू नको. खालून तेल सोडून बसलीस आन् वरचा निघालाच न्हाय, तर गाडी दारात शोभेला." हे त्यांचं बरोबर होतं. वरचा नट निघेना. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, दोन्ही पाय चेसिसला लावून ओढलं, तेव्हा कुठं तो कुरकुरत सुटला. खालचा मात्र चटकन निघाला, आणि तेल घमेल्यात उतरू लागलं.

उतरू लागलं म्हणजे काय, काकवी सांडावी तसं. जाड, काळपट, आळशी. थोडा वेळ धार, मग सुतळी, मग थेंब. मी बाहेर आले आणि घमेल्यात बघितलं. मला ते कमी वाटलं. माझा जन्म तेलाबरोबर गेलाय, भांड्यात केवढं आहे हे मला डोळ्यांनी कळतं.

"गेल्या खेपेला आत केवढं घातलं होतं?" मी विचारलं.

"हाच डबा की. एवढाच."

"सगळा?"

"थोडं उरतं दर वेळेला. कंपनी जास्तीच देती."

"कुठली कंपनी कुणाला पदरचं देते?"

 मी घमेल्याकडं बघत होते आणि मला आमचा चटणीच्या तेलाचा डबा आठवत होता. थंडीत तो रिकामा करून घासायचा असेल, तर आधी उन्हात ठेवावा लागतो. नाहीतर वरचं तेल येतं आणि तळाचा गाळ तसाच बसून राहतो. वरून नवं ओतलं की नवंही खराब. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"गाडी पळवून आणायची आन् गरम असतानाच तेल सोडायचं असतं. ते मला काय ठाऊक न्हाय व्हय?"

"मग?"

"मग काय. सोमवारी गाडी गरम कुठनं आणू?"

 इतकी वर्षं आमच्या घरी गिअर ऑइल सोमवारी बदललं गेलं, कारण सोमवारी गाडी मोकळी असते. आणि ती मोकळी असते म्हणूनच थंड असते, आणि थंड असते म्हणून तळाचा गाळ कधी निघालाच नाही. दर वेळी उरलेलं नवं तेल डब्यात बघून हे कंपनीला दुवा देत होते. रविवारी संध्याकाळी गाडी परत येते तेव्हा करावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण दुरुस्तीचा वार सोमवार, हे ठरून गेलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आधी रागच आला. त्या गाळाचा सगळा आवाज माझ्या डाव्या पायाच्या नावावर जमा झाला होता.

"आजच गरम करू," मी म्हटलं. उद्या मंगळवार होता. उद्या मोहोळचा स्टँड होता.

ओट्यावर मामा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं असणार, पण मान वर केली नाही.

"मामा, गाडी कुंभारीपर्यंत नेऊन आणायची आहे."

"आज वार कोंचा?"

"सोमवार."

"मग?"

मी सांगितलं. तेलाचा डबा, गाळ, थंडी, सगळं. ते शेंगा फोडत राहिले. मग यांना विचारलं, "सोमवारी बैल आजारी पडला तर काय करत हुतो रं आपन?"

"डॉक्टरला बोलवायचो."

"त्यो न्हाय आला तर?"

"चालवत न्यायचो दवाखान्यात."

"हौदु, व्हय की," मामा म्हणाले. जुन्या गोष्टी निघाल्या की त्यांच्या तोंडी कानडी येतं. "चालवत न्यायचा. जू न्हाय, वझं न्हाय, चाबूक न्हाय. मग ह्येला काय येगळं हाय? रिकामी न्या. दमानं न्या. आन् हॉर्न वाजवायचा न्हाय."

"हॉर्न का नाही?"

"चाबूकच की त्यो."

यांनी विचारलं, "नेणार कोन?" विचारताना हात खांद्यावर होता. मामांनी टरफलं झटकली आणि म्हणाले, "आता त्येला जिच्या हाताची सवय हाय तिनंच न्यावं. आजारात मानूस बदलू न्हाय."

मला त्या क्षणी मामांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हात तेलकट होते आणि गिअर बॉक्स रिकामा होता. म्हणजे नुकतंच काढलेलं जुनं तेल परत आत घालायचं होतं. जुन्या सुती साडीचा फडका घमेल्यावर धरून मी ते गाळलं. बॉनेट उघडून वरून नळी सोडली, तिचं टोक वरच्या नटाच्या भोकात बसवलं, आणि नरसाळ्यातून तेच तेल घालायला लागले. ते थेंबाथेंबानं जात होतं. शेजारची बाई भिंतीवरून बघत होती. आधी काढलं, आता घालताय, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, चव बघून परत घालतोय.

दुपारी पिकअप तिच्या जन्मात पहिल्यांदाच सोमवारी रस्त्यावर आली. रिकामी, विभूती लावलेली, मुकी. अक्कलकोट रोडवर दुसरा गिअर टाकला आणि खर्र झालं. मी वाक्याची वाट बघितली. ते आलं नाही. कुंभारीच्या अलीकडं मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. हॉर्नला बंदी, त्यामुळं आम्ही नुसते उभे राहिलो. धनगर वळून वळून बघत होता, ही गाडी ओरडत कशी नाही म्हणून. शेवटचं कोकरू पलीकडं गेल्यावर मी हळूच निघाले. परत येताना इंजिन, गिअर बॉक्स, सगळं चांगलं तापलं होतं, आणि दुसऱ्या गिअरला आवाज थोडा कमी झाला. थोडाच, पण झाला. यांनी आतली थरथर चाचपत उजवा तळवा गिअरच्या दांड्याच्या बुडाशी ठेवला होता. घरी येईपर्यंत तो काढला नाही.

दारात गाडी थांबल्या थांबल्या मी खाली शिरले. या खेपेला तेल धो धो आलं. पातळ, काळं, चटका देणारं. मनगटाला लागलं तेव्हा मी आईला हाक मारली. धार संपत आली आणि मग मागून तो गाळ आला, चिखलासारखा, घमेल्यात टपटप पडत. एवढा की माझी मलाच दया आली. खालच्या नटाच्या आत लोहचुंबक असतं. त्यावर झिजलेल्या गिअरच्या लोखंडाची बारीक भुकटी काजळासारखी जाड बसली होती. मी नट बाहेर दिला. यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं पुसला, अंगठा बघितला, परत पुसला. मी खालून विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "कुटं काय." नट रॉकेलनं धुऊन मला परत दिला.

मग नवं तेल. सोनेरी, स्वच्छ, करडईच्या घाण्याचं असावं तसं. उन्हात ठेवलेल्या डब्यातून ते नळीतून सरळ खाली गेलं. डबा उपडा करून शेवटचा थेंब टाकला तेव्हा कुठं वरच्या नटाच्या तोंडाशी तेल डोकावलं. कंपनीनं या खेपेला पदरचं काही दिलं नव्हतं. मी नट आवळला, बाहेर आले आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

किल्ली मामांकडं होती.

"औषध दिलं न्हवं?" ते म्हणाले. "आता पडू दे त्येला."

"एक चक्कर मारून बघू द्या ना."

"दवाखान्यातनं आनलेल्या बैलाला कोन पळवून बघतं का, बरा झाला का म्हणून?"

ज्या न्यायानं त्यांनी मला गाडी नेऊ दिली होती, आता तोच माझ्यावर उलटला. संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघर आणि अंगण अशा फेऱ्या मारल्या. शेवटी राहवेना. बंद गाडीत जाऊन बसले, क्लच दाबला आणि नुसता दांडा हलवून बघितला. पहिला, दुसरा, परत पहिला. हाताला मऊ लागत होतं. पण बंद गाडीत काय, सगळेच गिअर मऊ पडतात. हे अंगणाच्या कडेला फोनवर कुणाशी तरी बोलत उभे होते. मला बघून त्यांनी पाठ केली. झालं, मी मनात म्हटलं, उद्याची वेळ ठरवतायत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी उजाडताच गठ्ठे भरले. मामांनी किल्ली खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. हे डावीकडं बसले. गल्लीच्या तोंडाशी पहिला गिअर टाकला, गाडी सरकली. क्लच दाबला, श्वास धरला, दांडा मागं ओढला. काही झालं नाही. म्हणजे दुसरा गिअर पडला, आणि काही झालं नाही. आवाज नाही, गचका नाही. मी तिसरा टाकला, मग मुद्दाम परत दुसरा. चहाच्या टपरीपाशी उभ्या एका माणसानं मान वळवून बघितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि गाडी चालवताना डोळे पुसायला हात मोकळा नसतो हे मला तेव्हा कळलं. हे सरळ काचेबाहेर बघत होते.

शहर मागं पडलं. ऊन वर आलं होतं, दोन्हीकडं ज्वारी उभी होती.  मोहोळ जवळ येत होतं. हात माझा वाईट नव्हता हे आता मला कळलं होतं, पण शब्द दिलेला असतो, माणूस येऊन उभा असणार. मी गाडी हळू केली.

"स्टँडपाशी थांबू ना?"

"कशाला?"

"तो ड्रायव्हर येणार होता."

"त्येला काल सांजच्यालाच सांगितलं, नको म्हणून."

काल संध्याकाळी. तेव्हा तेल बदलल्यापासून गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. नवं तेल कसं लागतंय, आवाज गेला का राहिला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. पुढं गतिरोधक होता, तो दिसायला उशीर झाला, मी गडबडीनं दुसरा गिअर टाकला आणि खर्र झालं. चांगलं मोठ्यानं. मागं गठ्ठे हलले.

आता मात्र चूक माझीच होती. क्लच खरंच अर्धा दाबला गेला होता, पायाला कळलंच होतं. मी त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघू लागले.

"गाडी जुनी हाय," हे काचेबाहेर बघत म्हणाले. "करती कधीकधी."

 पाय पार खालपर्यंत नेला आणि गिअर परत टाकला.